६९४ तास, ठाणे ते वाशी

जुलै २०२२ मध्ये नौपाड्यातले आमचे घर रंगवायला काढले, तेव्हा माळ्यावरून तीन खोकी खाली उतरली. पहिल्या दोन खोक्यांत बाबांच्या १६८ कॅसेट होत्या. तिसऱ्यात मी नोकरीला लागल्यापासून घेतलेल्या १४३ सीडी होत्या आणि त्यांच्या फटीत, मोज्यात गुंडाळून ठेवलेली एक जुनी हार्ड डिस्क होती. तिच्यात २००३ ते २०१० या काळात मैत्रिणींकडून आणि सहकाऱ्यांकडून उतरवून घेतलेल्या शेकडो फायली होत्या. ही खोकी कुठे ठेवू असे रंगाऱ्याने विचारले, आणि यातले शेवटचे कधी ऐकले होतेस असे आईने विचारले. रंगाऱ्याच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होते.

त्या रात्री मी बेरीज केली. सगळा ऐवज मिळून ८११ तासांचा निघाला, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर त्यातला चौथा हिस्साही मी कधी ऐकला नसावा. सीडी घ्यायची, पहिला तुकडा लावायचा आणि उरलेले निवांतपणे ऐकू म्हणून कपाटात ठेवायची, अशी वीस वर्षांची सवय होती. घरात निवांतपणा मिळत नाही हे कळायला वीस वर्षे लागायला नको होती. मला रोज हमखास मिळणारा वेळ म्हणजे ठाणे ते वाशी हा लोकलचा प्रवास. तेव्हा हा सगळा ऐवज याच प्रवासात ऐकून संपवायचा असे ठरवले. फलाटावर सुमारे दहा मिनिटे आणि गाडीत साधारण तीस, म्हणजे जाऊन येऊन ८० मिनिटे. घर ते स्थानक हे बारा मिनिटांचे चालणे आणि पुलाचे जिने मी हिशेबात धरले नाहीत, कारण रस्त्यावर आणि जिन्यावर कानात काही घालायचे नाही हे आधीच ठरवले होते, आणि तो नियम शेवटपर्यंत पाळला. ज्यांना असे काही करायचे आहे त्यांनी आपली मिनिटे आधी घड्याळ लावून मोजावीत. मला वाटत होते की मला रोज दोन तास मिळतात.

पहिले काम कॅसेटचे होते. बाबांचा डेक २००६ पासून बंद होता. उघडल्यावर दिसले की आतला रबरी बेल्ट वितळून डांबरासारखा चिकट लगदा झाला आहे आणि तो सगळ्या चाकांना लागला आहे. तो पुसून काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कानकोरण्याचा कापूस पुरतो, पण नव्या बेल्टचे माप अचूक लागते. त्यासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तीन दुकाने फिरावी लागली. चौथ्या दुकानातले काका म्हणाले की बेल्ट देतो, पण मशीन इथेच ठेवा. १९ दिवसांनी, बेल्टचे १८० आणि मजुरीचे १,४०० रुपये देऊन, ऑगस्टच्या शेवटी मी तो डेक मांडीवर घेऊन टॅक्सीने परत आणला.

कॅसेट जेवढ्या वेळाची असते तेवढाच वेळ ती संगणकावर उतरवायला लागतो, त्याला पळवाट नाही. संध्याकाळी स्वयंपाक करताना एक आणि रात्री जेवणानंतर एक, अशा रीतीने सप्टेंबर ते डिसेंबर हे चार महिने गेले. आवाज बंद ठेवून उतरवत होते, म्हणजे ऐकणे गाडीसाठी शिल्लक राहील. वाचकांपैकी कुणाच्या घरी अशा कॅसेट असतील तर चार गोष्टी सांगून ठेवते. वर्षानुवर्षे पडून असलेली कॅसेट लावण्यापूर्वी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवून घ्यावी, कारण फिती एकमेकींना चिकटलेल्या असतात. आवाज घुसमटलेला आला तर कॅसेटला दोष देण्याआधी डेकच्या हेडच्या (फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाच्या) बाजूचा बारीक स्क्रू किंचित फिरवून पाहावा. निम्म्या वेळा हेडचा कोनच बिघडलेला असतो. फितीला दाबून धरणारी इवलीशी नमद्याची गादी गळून पडली असेल तर ती दुसऱ्या, टाकाऊ कॅसेटमधून काढून बसवता येते. मात्र त्यासाठी कॅसेटचे कवच स्क्रूचे हवे, चिकटवलेले नको. आणि फितीवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे, ठाण्याच्या चार महिन्यांच्या ओलीची देणगी. तशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये अजिबात घालू नये, नाहीतर ती बुरशी हेडवरून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशा नऊ कॅसेट मी वेगळ्या पिशवीत बांधून ठेवल्या. उरलेल्या १५९ कॅसेटचे १५८ तास भरले.

सीडींचे काम त्या मानाने किरकोळ निघाले. १,८५० रुपयांचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणि रोज चार-पाच सीडी, इतकेच. त्या फ्लॅक पद्धतीने साठवल्या, कारण त्यात जागा जवळजवळ निम्मी लागते आणि मूळ ध्वनी जसाच्या तसा राहतो. खरी डोकेदुखी हार्ड डिस्कची होती. एकाच गायकाचे नाव कुणी ‘पं.’ लावून, कुणी न लावता, कुणी आडनाव आधी घालून लिहिलेले. रागाच्या जागी ‘ट्रॅक १’. आणि एकच ध्वनिमुद्रण तीन वेगवेगळ्या नावांनी तीन ठिकाणी. एका यमनाच्या मैफलीवर तर दोन भिन्न गायकांची नावे होती, आणि गाणारा माझ्या मते तिसराच होता. अशा दुबार फायली काढता काढता ११७ तास गळाले आणि ऐकायचे ६९४ तास उरले. त्यातले ३७६ तास हार्ड डिस्कवरच्या फायलींचे होते, आणि त्या सगळ्या मिळून २२ जीबीसुद्धा भरत नव्हत्या, यावरून त्या काळात आम्ही ध्वनी किती दाबून, पिळून साठवत होतो याची कल्पना यावी.

मोबाइलवर ऐकायचे नाही असे ठरवले, कारण मोबाइलवर ऑफिस येते. ७,५०० रुपयांना एक वापरलेला म्युझिक प्लेअर, २,१०० रुपयांचे २५६ जीबीचे कार्ड आणि ३,४०० रुपयांचे तारेचे इअरफोन घेतले. क्रम कोणता लावायचा यावर मात्र बराच विचार केला. अकारविल्हे लावले तर एकाच गायकाचे वीस तास सलग येतात, आणि यादृच्छिक लावले तर विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या ख्यालानंतर लावणी येते. निकाल लावला तो बाबांच्या वहीने. कॅसेटच्या खोक्यात तळाशी एक लांबट हिशेबाची वही होती. तिच्यात १९८१ ते १९९९ पर्यंत घेतलेल्या किंवा स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या प्रत्येक कॅसेटचा अनुक्रमांक, तारीख, किंमत आणि शेवटच्या रकान्यात ‘शेरा’ लिहिलेला होता. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात भांडारपाल म्हणून बाबांनी नोकरी केली, त्या सवयीने घरातले गाणेही आवक नोंदवून घेतलेले. मी ठरवले की वहीच्या क्रमाने कॅसेट, मग खरेदीच्या क्रमाने सीडी, मग तारखेच्या क्रमाने फायली. म्हणजे घरात गाणे ज्या क्रमाने आले, त्याच क्रमाने ते ऐकायचे.

२ जानेवारी २०२३, सोमवार. दहा नंबरच्या फलाटावर पावणेनऊच्या सुमारास गाडी लागली आणि मी कॅसेट क्रमांक १ लावली. त्या दिवशी जो शोध लागला तो कुठल्याही हिशेबात नव्हता: साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची असते आणि ठाणे-वाशी प्रवासही जवळजवळ तेवढाच असतो. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे करत सानपाडा सुटले की बाजू संपत येते आणि वाशीच्या फलाटावर उतरताना फितीची ती शेवटची फुसफूस ऐकू येते. परतीला दुसरी बाजू. फलाटावरची दहा मिनिटे कॅसेटच्या काळात मी आनंदाने सोडून दिली. दिवसाला एक कॅसेट या गतीला पुढे एकच अडथळा आला: जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्थानक सुरू झाले आणि एक थांबा वाढला. पण तोवर कॅसेट संपल्या होत्या.

गाडीत सगळे गाणे सारखे ऐकू येत नाही, हे पहिल्या महिन्यातच कळले. पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांचे गाणे लोकलला मानवते. आलापात फार न रेंगाळता बंदिश धरायची, मध्यलयीत तालाच्या अंगाने पुढे जायचे आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, ठळकपणे गाठायची, हे जयपूर-अत्रौली घराण्याचे वळण चाकांच्या खडखडाटातूनही हाती लागते. उलट उस्ताद अमीर खाँ यांचा झूमरा तालातला अतिविलंबित ख्याल, जिथे चौदा मात्रांचे एक आवर्तन सरायला मिनिटाच्या आसपास वेळ जातो आणि दोन स्वरांमधली शांतताही गाण्याचाच भाग असते, तो घणसोलीच्या आधी हरवून जायचा. तानपुरा तर बहुतेक वेळा ऐकूच यायचा नाही. यावर मी दोन उपाय केले. इअरफोनला फोमच्या टोप्या लावल्या, त्यांनी बाहेरचा आवाज पुष्कळ अडतो (त्या दर चार-पाच महिन्यांनी बदलाव्या लागतात, एकूण ९०० रुपये गेले). आणि विलंबित गाणे सकाळी ऐकायचे टाळून परतीच्या, थोड्या उशिराच्या गाडीसाठी राखून ठेवू लागले, कारण त्या गाडीत बसायला जागा मिळते आणि खिडकीपासून दूर बसता येते.

प्रहराचा प्रश्न याहून अवघड होता, कारण बहुतेक रागांना दिवसाची ठरावीक वेळ असते. वहीच्या क्रमाने सकाळी संध्याकाळचा मारवा आणि संध्याकाळी पहाटेचा ललत यायला लागला, तेव्हा मला चोरी केल्यासारखे वाटू लागले. फेब्रुवारीत मी दोन रांगा करून पाहिल्या: जाताना भैरव, तोडी, जौनपुरी, येताना पूरिया, यमन, मारवा. तीन आठवडे हे छान चालले. मग लक्षात आले की सारंग, भीमपलास आणि मुलतानी यांना माझ्या दिवसात गाडीच नाही, आणि मालकंस व दरबारी ऐकायचे तर शेवटची लोकल पकडावी लागेल. शिवाय उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या कॅसेट ऐकताना हेही मनात आले की मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे मावत, आणि त्या कलावंतांनी स्टुडिओच्या वेळेनुसार, मिळेल त्या प्रहरी, त्यात अख्खा राग उभा केला. त्यानंतर मी रांगा मोडल्या आणि मुकाट वहीकडे परतले. तरी सकाळी गर्दीत मारवा लागला की अजून थोडे अपराधी वाटते, हे लपवत नाही.

मार्चमध्ये वेगळाच हिशेब समोर आला. लेडीज डब्यात आमचा सहा-सात जणींचा जुना ग्रुप आहे. संक्रांतीचे तिळगूळ, दसऱ्याच्या आधी डब्याला तोरण, कुणाच्या मुलीची दहावी, कुणाच्या सासूचा गुडघा, हे सगळे याच गाडीत होते. दोन महिने मी कानात घालून बसले आणि एके दिवशी ऐरोलीची मैत्रीण म्हणाली, “अगं, तू रागावली आहेस का आमच्यावर?” मी तिला ८११, ६९४ वगैरे आकडे सांगितले, तिने ते ऐकून घेतले आणि म्हणाली, “बरं, मग शुक्रवार आमचा.” तेव्हापासून शुक्रवारी इअरफोन पर्समध्येच. यामुळे दोन वर्षांचा अंदाज पावणेतीन वर्षांवर गेला.

बाबा ७९ वर्षांचे आहेत आणि श्रवणयंत्र लावतात. त्यांना आता गाण्यातले वरचे स्वर नीट लागत नाहीत, म्हणून ते फारसे ऐकत नाहीत. पण शेऱ्यांबद्दल विचारले की खुलतात. क्रमांक ३४ समोर ‘तबला जोरात’ असे लिहिले होते आणि गाडीत मला खरोखर तबल्याशिवाय काही ऐकू आले नव्हते. “अगं, दोष वाजवणाऱ्याचा नाही,” बाबा म्हणाले, “मी पहिल्या रांगेत डावीकडे, तबल्याच्या तोंडासमोर बसलो होतो टेप घेऊन.” आकाशवाणीवर शनिवारी रात्री होणारा संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम त्यांनी पुष्कळदा उतरवून घेतला आहे, आणि तिथे द्रुत, म्हणजे जलद लयीतले गाणे ऐन रंगात असताना फीत संपते. अशा २३ कॅसेटसमोर शेरा एकच आहे: ‘पुढे राहिले’.

सप्टेंबर २०२३ मध्ये, गणपतीनंतर, डाव्या कानात दोन दिवस बारीक शिटी वाजत राहिली. ढोल-ताशांमुळे की माझ्यामुळे हे सांगता येत नव्हते, पण बाबांनी स्वतःच्या यंत्राकडे बोट दाखवून मला कानाच्या डॉक्टरांकडे धाडले. श्रवणचाचणी ६०० रुपयांत, वीस मिनिटांत होते: बंद खोलीत बसून, बीप ऐकू आला की बटण दाबायचे. डाव्या कानाच्या आलेखात ४,००० हर्ट्झला किंचित खड्डा निघाला, आणि आवाजाने होणारे नुकसान बहुधा तिथेच आधी दिसते असे डॉक्टरांनी सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आठवड्याला ४० तास ८० डेसिबल असा आहे, आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की तो वेळ निम्म्यावर येतो. गाडीच्या आवाजावर मात करायला मी नकळत बटण वर नेत होते. त्या दिवशी प्लेअरमध्ये आवाजाची कमाल मर्यादा घालून टाकली आणि जे गाणे त्या मर्यादेत ऐकू येत नाही ते गाडीत ऐकायचे नाही असे ठरवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा चाचणी केली. खड्डा वाढलेला नव्हता. ही चाचणी सुरुवात करण्यापूर्वीच करून घ्यावी, म्हणजे तुलनेला आधीचा आलेख हाताशी राहतो.

कॅसेट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या. नोव्हेंबरमध्ये इअरफोनची डावी बाजू मुकी झाली. हमी होती, पण कंपनीच्या सेवा केंद्राने पहिल्यांदा बिलावरचा मोबाइल क्रमांक माझा नाही म्हणून आणि दुसऱ्यांदा खोक्यावरच्या अनुक्रमांकाचे छायाचित्र अस्पष्ट आहे म्हणून अर्ज परत केला. कुरिअरचे १४० रुपये आणि २४ दिवस गेल्यावर नवी जोडी आली. तेवढे दिवस मी ग्रुपला सगळेच वार शुक्रवार करून दिले. तेव्हापासून प्रत्येक वस्तूचे बिल, अनुक्रमांक आणि खोके यांचे छायाचित्र मी मोबाइलमध्ये ठेवते, आणि चारच महिन्यांत त्याचा उपयोग झाला.

मार्च २०२४ मधल्या एका सकाळी तुर्भ्याला ऑफिसचा फोन आला, मी प्लेअर पिशवीत टाकला आणि बोलत बोलत वाशीला उतरले. पिशवी रॅकवर राहिली आणि गाडी परत ठाण्याकडे निघाली. फलाटावरूनच १३९ ला फोन केला. गाडी सुटल्याची वेळ, लेडीज डबा, कोणत्या बाजूचा रॅक, पिशवीचा रंग, हे ते विचारतात आणि त्या क्षणी यातले काही धड आठवत नाही. पिशवी ठाण्याला रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाने उतरवून घेतली होती. संध्याकाळी तिथे दोन प्रतींत अर्ज, आधार कार्डाची प्रत आणि आतल्या वस्तूंची यादी दिली. प्लेअर तुमचाच कशावरून, असे विचारल्यावर बिल आणि अनुक्रमांक दाखवला. तरी त्या साहेबांनी तो सुरू केला आणि आत काय लागेल ते सांगा म्हणाले. मी म्हटले, मियाँ मल्हार, साधारण अकराव्या मिनिटाला थांबलेला असेल. त्यांनी पडद्यावर पाहिले, मान हलवली आणि नोंदवहीवर सही घेताना विचारले, “मॅडम, मार्चमध्ये मल्हार?”

जून २०२४ पासून फायली सुरू झाल्या आणि सर्वांत कंटाळवाणा काळ तोच. बाबांच्या वहीतली प्रत्येक कॅसेट कुणीतरी पैसे मोजून, निवडून आणलेली होती. फायली मी फुकट मिळतात म्हणून घेतलेल्या होत्या, आणि ते ऐकताना कळते. कमी दर्जात साठवल्यामुळे तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची गुंजणारी झणकार, पाण्याखाली गेल्यासारखी येते, तबल्याच्या चाटीचा, म्हणजे काठावरच्या टणक नादाचा, चुरा होतो. तोपर्यंत एकही सेकंद गाळायचा नाही असा माझा हट्ट होता. ऑगस्टमध्ये एकाच भजनाचे सलग अठ्ठावीस प्रकार लागले तेव्हा तो सोडला आणि दहा मिनिटांचा नियम केला: प्रत्येक अल्बमला दहा मिनिटे पूर्ण द्यायची, त्यानंतर सोडण्याची मुभा. या नियमाने ६९४ पैकी ६१ तास मी सोडले आहेत. पण त्याच ढिगात एका खासगी बैठकीचे, गायकाचे नाव नसलेले चाळीस मिनिटांचे शुद्ध सारंग मिळाले. ते मी परतीच्या वाटेवर तीनदा ऐकले, म्हणजे नियम दोन्ही बाजूंनी मोडला.

एकूण खर्च २०,०२० रुपये झाला. यात वर सांगितलेल्या वस्तूंखेरीज संगणकाला डेक जोडण्याच्या छोट्या पेटीचे १,१०० आणि अल्कोहोलचे २५० धरले आहेत, पास धरलेला नाही, कारण तो एरवीही काढलाच असता.

१६ ऑक्टोबर २०२५, गुरुवारी, वसुबारसेच्या आदल्या दिवशी शेवटची फाइल लागली. ठाणे आले तेव्हा ती संपली नव्हती, म्हणून फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. ताना सुरू झाल्या होत्या आणि अंतऱ्याकडे येता येता एकाएकी आवाज थांबला; बहुधा २००९ मध्ये ती उतरवून घेतानाच जोडणी तुटली असावी. कॅसेटच्या पुढे सीडी आणि फायलींच्या नोंदी मी बाबांच्याच वहीत, त्याच रकान्यांत करत आले होते. घरी येऊन तारीख लिहिली आणि शेऱ्यात ‘पुढे राहिले’ असे लिहिले. बाबांनी चष्मा लावून ते वाचले आणि किंमतीचा रकाना कोरा का, असे विचारले.

बुरशीच्या नऊ कॅसेट या हिशेबात नाहीत. त्यांची पिशवी घेऊन मी दुसऱ्याच आठवड्यात लॅमिंग्टन रोडवरच्या त्या काकांकडे गेले होते. तिघींची फीत नव्या कवचात घालून पाहू म्हणाले, बाकीच्यांचे सांगता येत नाही, आणि तुळशीच्या लग्नानंतर या.